सांगरीची आमटी आणि माझी शेपटी

मी पाल बोलतेय. दचकू नका, भिंतीवरच आहे, तुमच्या अंगावर नाही. आणि बाकी काही सांगायच्या आधी एक कबूल करून टाकते: मी मूर्ख आहे. थोडीथोडकी नाही, चांगली मुरलेली. लोक दुसऱ्याविरुद्ध साक्ष देतात. मी स्वतःविरुद्ध दिली, तीही भर जेवणाच्या वेळी, सगळं घर ऐकत असताना.

जयपुरात दुर्गापुरा स्टेशनच्या अलीकडे एक दुमजली घर आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर हे माझं गाव. जन्म मोरपिसांच्या मागे झाला. तेव्हा इथे बँकेतले एक गृहस्थ राहायचे. पाली येऊ नयेत म्हणून त्यांनी झालान्याच्या जंगलाकडून मोरपिसं आणून भिंतीला लावली होती. पाली मोराला घाबरतात हे खरं आहे. मोराला. त्याच्या पिसांमागे फार छान सावली असते.

चार वर्षांपूर्वी ते गृहस्थ पिसं घेऊन गेले आणि ही मंडळी आली. प्रकाशराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात, त्यांची बायको सुहासिनी, आणि मुलगी कस्तुरी, जी यंदा बारावीत गेली. प्रकाशरावांचं गाव सोलापूर, सुहासिनीचं माहेर अकोला. मराठी मी यांच्याकडूनच शिकले, वरून ऐकून ऐकून. समजतं सगळं, बोलता येत नाही. कस्तुरीचंही साधारण तसंच आहे. ती आईला, "मतलब तू समजतेस ना?" असं विचारते, आणि आई हताशपणे हो म्हणते.

मला पाच वर्षं झाली. तुमच्या हिशेबात चाळिशी उलटली म्हणा. पोट सुटलंय, रंग पिवळट पडलाय, आणि पूर्वी एका झेपेत मिळणाऱ्या पतंगासाठी आता आधी मनाची तयारी करावी लागते.

माणसांना माझी किळस येते. मला त्यांचं फक्त नवल वाटतं. मी भूक लागली की खाते. माणसं दुपारी चारला फ्रिज उघडतात, आत बघतात, काही न घेता बंद करतात आणि पाच मिनिटांनी येऊन पुन्हा बघतात. मधल्या वेळात आत काय उगवणार असतं, ते मला अजून कळलेलं नाही. सुहासिनी सगळ्यांची ताटं वाढून झाली की विचारते, "मीठ बरोबर आहे ना?" तेव्हा विचारून काय उपयोग? पण कुणी खरं उत्तर दिलं तर तिचा चेहरा उतरतो, म्हणून प्रकाशराव चार वर्षं "बरोबर आहे" एवढंच म्हणतायत.

तरी ही बाई मला आवडते. कारण तिला माझ्यासारखीच भोचक खोड आहे. कुठलाही नवीन जिन्नस दिसला की हे कशात घालून बघू, असं तिला होतं. खालच्या मजल्यावर विभाभाभी राहतात, इथल्याच. त्यांनी एकदा तिला सांगरी दिली. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, कोवळ्या तोडून वाळवलेल्या. खेजडी म्हणजे आपली शमीच, असं सुहासिनी फोनवर बहिणीला सांगत होती. विभाभाभी तिची तेलात परतून भाजी करतात. सुहासिनी तशी करून थांबली असती तर हे आत्मवृत्त मला सांगावं लागलं नसतं. तिनं सांगरी भिजवून, शिजवून चक्क तुरीच्या डाळीच्या आमटीत घातली. घरात सगळ्यांना आवडली.

सांगरी दिसायला कशी असते? बारीक, बोटभर लांब, तपकिरी, टोकाला निमुळती, शिजल्यावर जराशी वळलेली. एवढं वर्णन लक्षात असू द्या. मी तेव्हा ठेवलं नाही.

आता आमच्या चुकचुकण्याबद्दल. त्याला अर्थ नसतो हो. कधी दुसऱ्या पालीला "सरक तिकडे" असं असतं, कधी नुसतंच घसा मोकळा करणं. पण सुहासिनीच्या माहेरी पाल चुकचुकणं वाईट समजतात. माझा आवाज आला की ती हातातलं टाकून ओट्यावर तीनदा बोटं वाजवते आणि "कृष्ण, कृष्ण" म्हणते. प्रकाशरावांच्या घरची रीत वेगळी. तिथे कुणी काही बोललं आणि पाठोपाठ पाल चुकचुकली, की ते बोलणं खरं. पालीनं शिक्का मारला. एकाच घरात माझ्या एका आवाजाचे दोन अर्थ, आणि दोन्ही मला न विचारता ठरवलेले.

न घाबरता माझ्याकडे बघणारी एकटी कस्तुरी. तिच्याकडे माझी वही आहे. "पाल, सात वाजून दहा मिनिटं, ट्यूबलाइट, पतंग एक." कधीकधी पतंग शून्य असंही लिहिते. त्या दिवशी मला लाज वाटते.

एप्रिलमध्ये मी दोन अंडी घातली. स्वयंपाकघराच्या दारापाशी जुना लाकडी स्विचबोर्ड आहे, त्याच्या मागे भिंतीला भेग आहे, तिथे. आमच्यात आईचं काम तिथेच संपतं. अंडी घालायची आणि आपल्या उद्योगाला लागायचं. माझ्या आईनं तेच केलं, तिच्या आईनं तेच केलं. मलाच काय झालं कोण जाणे. मी रोज जाऊन बघायला लागले. भेग आत जाऊन वळते, आणि उन्हाळाभर कूलरभोवतीचे डास खाऊन मी अशी सुटलेय की आता नुसतं डोकं आत जातं. वळणापलीकडे दोन पांढऱ्या कडा तेवढ्या दिसतात. दोन आहेत. बरं. थोड्या वेळानं परत जायचं. दोन आहेत. सुहासिनी बाहेर जाताना गॅसचं बटण तीनदा बघते, त्याला मी पूर्वी हसायचे.

आणि जूनमध्ये रत्नप्रभाताई आल्या.

या प्रकाशरावांच्या थोरल्या बहीण, सोलापूरच्या. मन चांगलं, आवाज त्याहून चांगला. आल्या आल्या त्यांनी घराची पाहणी केली आणि वर बघून म्हणाल्या, "सुहास, ही काय पाळलीस व्हय?"

सुहासिनी म्हणाली, "नाही हो वन्सं, असते ती. काही करत नाही."

"करत नाही म्हणजे? पडली म्हणजे अन्नात?"

तेव्हापासून त्यांचा एक डोळा माझ्यावर आणि माझे दोन्ही त्यांच्यावर.

तो रविवार होता. सुहासिनी आमटी उकळायला ठेवून गच्चीत कपडे वाळत घालायला गेली होती. पातेल्यावरचं झाकण अर्धवट सरकलेलं. मी वरच्या भिंतीवर, एका माशीच्या मागे. माझं सगळं लक्ष तिच्यात, त्यामुळे रत्नप्रभाताई झाडू घेऊन कधी आल्या ते कळलंच नाही. फटका माझ्या शेजारी बसला. पुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही, भीतीनं केलं. शेपटी सुटली. मी धावत जाऊन भेगेत डोकं खुपसलं. उरलेलं अंग बाहेर, बोर्डाच्या कडेला चिकटून.

ताईंच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यांना पाल पळाली एवढंच दिसलं. "गेली मेली," म्हणाल्या आणि झाडू जागेवर ठेवून हात धुवायला गेल्या.

शेपटी गेल्याचं दुःख नाही, ती पुन्हा येते, जरा आखूड आणि बेढब का होईना. पण सुटलेली शेपटी बराच वेळ उड्या मारत राहते, आणि ती कुठे पडली ते मी बघितलं नव्हतं. खाली ओटा. ओट्यावर पिठाचा डबा, खलबत्ता, धुतलेली कोथिंबीर आणि झाकण सरकलेलं पातेलं. मी वरून वाकून वाकून बघितलं. कुठेच दिसेना. मग पातेल्यात बघितलं. पातेल्यात माझ्या शेपटीसारख्या दिसणाऱ्या पन्नासेक गोष्टी तरंगत होत्या.

त्यानंतरचा तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. सुहासिनी आली, तिनं कोथिंबीर घातली, ढवळलं, ताटं घेतली. जेवणाचं टेबल स्वयंपाकघरातच आहे. वाटीत डाव पडला की मी बघायचे, घास तोंडाशी गेला की बघायचे. प्रकाशरावांनी एक वाटी संपवली, दुसरी संपवली. सुहासिनीनं आग्रहानं तिसरी वाढली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार? पडली असेल तर खाऊ नका, नसेल तर पोटभर खा?

रत्नप्रभाताईंनी चष्मा लावला होता. त्यांनी वाटीतून एक तुकडा चमच्यानं उचलला. "सुहास, हे काय घातलीस गं?"

कुणीतरी विचारलं म्हणून सुहासिनी खूश झाली. ती खेजडीपासून सुरुवात करणार, तेवढ्यात ताईंची नजर वर गेली. बोर्डाच्या कडेला मी. मागून संपलेली. त्यांनी चमच्यातल्या वस्तूकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि चमचा अगदी हळू खाली ठेवला.

"प्रकाश, खाऊ नकोस. आमटीत पालीची शेपूट पडली."

आणि इथे मी तो मूर्खपणा केला. मला म्हणायचं होतं, अहो असं एकदम म्हणू नका, नक्की माहीत नाही. माझ्या तोंडून निघालं, चुक चुक चुक.

सुहासिनीचा हात सवयीनं टेबलावर गेला, तीनदा टकटक, "कृष्ण, कृष्ण." रत्नप्रभाताई भावाकडे बघून म्हणाल्या, "बघ. तिनंच सांगितलं."

प्रकाशराव इतका वेळ छान होते. त्या क्षणापासून त्यांना मळमळायला लागलं. ताईंना छातीत धडधडायला लागलं. सुहासिनी सांगत होती की ती सांगरी आहे, डब्यात आहे, दाखवते. तिनं डबा आणून मूठभर वाळक्या शेंगा टेबलावर ओतल्या. ताईंनी त्या बघितल्या. दिसायला तशाच आहेत हे त्यांनी मान्य केलं, आणि मग विचारलं,

"सगळ्या सांगऱ्याच, हे कशावरून?"

कस्तुरीनं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, उलट्या होतायत का? नाही. ताप? नाही. मळमळ कधी सुरू झाली, जेवल्यावर की कळल्यावर? प्रकाशरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं, कळल्यावर. डॉक्टर म्हणाले, पाणी प्या, लक्ष ठेवा, काही वाटलं तर या. यानं कुणाचंच समाधान झालं नाही. ताईंनी भावाला मिठाचं पाणी दिलं, स्वतःही घेतलं. प्रकाशराव मोरीत जाऊन बराच वेळ वाकून उभे राहिले आणि काही न होता परत आले.

सुहासिनी स्टुलावर बसली होती. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "तिसरी वाटी नको म्हणत होते हे. मीच वाढली." मग ती त्या डब्याचं झाकण लावत बसली. लागलेलं होतं, तरी परत परत दाबत होती. माझ्यामुळे ही बाई पुन्हा कधी कशात काही घालून बघणार नाही, असं मला वाटलं, आणि मला मळमळायला लागलं.

कस्तुरीनं मधेच सगळं पातेलं चाळणीत ओतलं, वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक सांगरी चिमट्यानं उचलून उजेडात बघायला लागली. "शेपटीत हड्डी असते. मतलब हाड. आणि खवले. ह्यात नाही. ह्यात नाही." ताई लांबून बघत होत्या. शेवटची सांगरी कागदावर ठेवून कस्तुरी म्हणाली, "एक पण शेपटी नाहीये, आत्या."

"नसेलच," ताई म्हणाल्या. "आपल्यातल्याच कुणाच्या तरी पोटात हाय ती."

प्रकाशरावांनी नकळत पोटावर हात ठेवला. मग ताईंनी फर्मान काढलं की झालं ते झालं, पण ही बया या घरात राहायची नाही. ती बोर्डामागे शिरते, तेव्हा ती भेग बुजवायची. आता. पोट आवळून बसण्यापेक्षा काहीतरी करायला मिळालं म्हणून प्रकाशराव लगेच उठले. बाथरूमचा नळ बसवताना उरलेलं पांढरं सिमेंट होतं. एका तुटक्या वाडग्यात त्यांनी ते कालवलं, लावायला घरातलं जुनं उलथणं घेतलं आणि बोर्डाखाली स्टूल ओढलं.

मी भेगेच्या तोंडावर पसरून बसले. चार पाय, सुटलेलं पोट, जेवढी होते तेवढी. आत माझी दोन अंडी. सिमेंट गेलं की आतलं आत. ओरडावं तर कसं? ताई मागे उभं राहून म्हणत होत्या, "एकदा हे बुजलं की सगळं नीट होईल." त्यावर मी चुक केलं असतं की झालं. तोंड मिटून बसणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी कळलं. आमच्यात बाया मुळातच कमी बोलतात. मी कुणावर गेलेय माहीत नाही.

आणि तेव्हा मला ती दिसली.

पिठाच्या डब्यामागून, ओटा आणि भिंत जिथे मिळतात त्या रेघेवरून मुंग्यांची रांग निघाली होती. रांगेच्या मधोमध, वीस-पंचवीस जणींच्या डोक्यावर, पालखीत बसल्यासारखी हलत-डुलत माझी शेपटी चालली होती. डब्यामागे पडली होती ती. सबंध जेवणभर तिथेच होती. इकडे चार माणसं आपापल्या पोटाशी बोलत होती आणि ती कोरडी ठणठणीत.

दिसली खरी, पण सांगायचं कुणाला आणि कसं? प्रकाशराव स्टुलावर चढले होते. उलथण्यावर सिमेंट होतं. मी तिथून हलले की भेग उघडी पडणार, न हलले की शेपटी कुणाला दिसणार नाही आणि भेग तरीही बुजणार. माझ्यासारख्या बाईला इतका विचार झेपत नाही. मी भेग सोडली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, झाडूच्या हातभर अंतरावरून भिंतीवरून सरळ खाली पळत सुटले.

ताईंनी झाडू उचलला. कस्तुरीनं त्यांचा हात धरला. "आत्या, रुको. बाबा, तुम्ही पण. ती दिवसा खाली कधीच नाही येत. कुठे चाललीय बघू दे."

मी पिठाच्या डब्यावर जाऊन थांबले. कस्तुरी वाकली. तिनं डबा सरकवला.

"आई," ती म्हणाली, "इधर आ. हे बघ."

सुहासिनी आली. तिनं बघितलं आणि ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. प्रकाशराव स्टुलावरून उतरले. तिघंही रांगेत उभी राहून मुंग्यांकडे बघत होती, मिरवणूक बघावी तशी. शेवटी रत्नप्रभाताई आल्या. चष्मा वर-खाली करून त्यांनी बराच वेळ निरखलं.

"ही हिचीच कशावरून?"

"आत्या, घरात बिनशेपटीची हीच एक आहे."

ताईंनी चष्मा काढून पदराला पुसला. सोलापुरात याला माघार म्हणत नाहीत, पण ती माघारच होती. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या की छातीतली धडधड जरा कमी वाटतेय, कदाचित प्रवासाचीच असेल. प्रकाशरावांची मळमळ तर कुठल्या कुठे गेली. त्यांनी विचारलं, "आमटी आहे का थोडी?"

"चाळणीत आहे," सुहासिनी म्हणाली, आणि मग हसत सुटली. हसता हसता डोळे पुसायला लागली. तिला पाणी द्यायला ताईच उठल्या.

सिमेंट वाडग्यात घट्ट होत चाललं होतं. प्रकाशराव पुन्हा बोर्डाकडे वळले, आता कालवलंच आहे तर लावून टाकू म्हणून. कस्तुरी मधे उभी राहिली. म्हणाली, ती रोज तिथेच डोकं घालून बसते, आत अंडी असतील. ताई तोंड फिरवून म्हणाल्या, "मग असू दे की. बाळंतिणीला कोण बाहेर काढतं?" सिमेंट बाथरूमच्या नळाखाली गेलं.

तर अशी मी. सध्या मागून आखूड, पुढून घाबरट. तुमच्या घरात आमच्यापैकी कुणी असेल तर दोन गोष्टी मागते. अन्न झाकून ठेवा, आमच्यासाठी नाही, तुमच्याच जिवाच्या शांतीसाठी. आणि आम्ही चुकचुकलो तर त्यातून काही काढू नका. आम्हाला तुमचं काहीच माहीत नसतं. आमचंही फारसं नसतं.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी बोर्डापाशी गेले. दुपारी इतकी धावपळ झाली, भिंतीवर झाडूचा फटका बसला, आत काही तडकलं तर नसेल? डोकं घालून बघितलं. दोन पांढऱ्या कडा. बाहेर आले. परत घातलं. वळणापलीकडचं दिसेना. जीव राहीना. कस्तुरी वही घेऊन ट्यूबलाइटखाली बसली होती. मी तिच्या डोक्यावर जाऊन, लाज सोडून, होतं तेवढं सगळं बोलले: बाई गं, तुझे उपकार झाले, आता एवढं एक कर, माझं पोट आत जात नाही, तू बघ, दीड महिना होऊन गेला, मी एक दिवस नजर काढलेली नाही, माझी दोन्ही नीट आहेत का तेवढं सांग.

कस्तुरीनं वर बघितलं. उठली, स्टूल लावलं, टॉर्च आणला आणि भेगेला डोळा लावून वळणापर्यंत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टॉर्च बंद करून खाली उतरली.

"दोन्ही रिकामी आहेत," ती मला म्हणाली. "पिल्लं कधीच गेली. तू जेवून घे."